झाडीपट्टीचा प्रेक्षक आणि कबड्डीचे कारभारी

दिवाळी आटोपते, धान कापून बांधीतून खळ्यावर येते, आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचा व खेळांचा हंगाम एकदमच सुरू होतो. वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली या पट्ट्यातल्या गावांत रिकामी झालेली बांधी सपाट केली जाते, तिच्यावर पाणी मारून माती दाबली जाते, चुन्याने रेषा आखल्या जातात आणि कबड्डीचे मैदान तयार होते. कुठे दिवसा, कुठे रात्री दिव्यांखाली सामने चालतात. या मैदानाभोवती उभा राहणारा माणूस शहरातल्या अर्थाने प्रेक्षक नसतो. स्पर्धेची वर्गणी त्यानेच दिलेली असते. बाहेरगावच्या संघाची जेवणाची सोय त्याच्या घरी असते, बक्षिसाच्या रकमेत त्याच्या नातलगाचे नाव पुकारले जाते, आणि पंचाचा निर्णय पटला नाही तर तो रेषेपर्यंत येऊन तसे सांगतो. खेळ पाहणे, भरवणे आणि तोलणे ही तिन्ही कामे एकच माणूस करतो. गेल्या दहा-बारा वर्षांत कबड्डीबद्दल जे मोठे निर्णय झाले ते महासंघाने घेतले, प्रो कबड्डी लीगच्या मालकांनी घेतले, प्रक्षेपण कंपनीने घेतले, काही न्यायालयाने दिले आणि काही शासनाने काढले. त्यांतल्या बहुतेकांना स्वतंत्रपणे चांगले कारण आहे. पण सगळे मिळून पाहिले तर त्यांनी या माणसाच्या हातातली भरवण्याची आणि तोलण्याची कामे काढून घेतली आणि त्याच्याकडे पाहण्याचे तेवढे काम ठेवले. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांतून पाहिले की हा बदल जितका स्पष्ट दिसतो तितका मुंबई-पुण्यातून दिसत नाही.

बदल झाला एवढ्यावरून तक्रार करणे मात्र चुकीचे ठरेल, कारण आपण जिला अस्सल कबड्डी म्हणतो तीच मुळात कारभाऱ्यांनी घडवलेली आहे. जुना हुतूतू गावोगावी वेगळा होता. कुठे ‘अमर’ पद्धतीत खेळाडू बाद झाला तरी मैदानातच राहायचा, कुठे ‘गामिनी’त बाद झालेला डाव संपेपर्यंत बाहेर बसायचा, आणि ‘संजीवनी’त प्रतिस्पर्धी बाद झाला की आपला खेळाडू परत यायचा. आज जगभर खेळली जाते ती संजीवनीची वंशज, आणि तिला ती जागा मिळाली ती कुणीतरी बसून नियम लिहिले म्हणून. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम छापून स्पर्धा घेतली. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले. म्हणजे हा खेळ युरोपात नेण्याचे पहिले मोठे काम विदर्भातल्या संस्थेच्या नावावर आहे. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला, १९५२ मध्ये पुरुषांची आणि १९५५ मध्ये महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, १९७२ मध्ये आजचा हौशी कबड्डी महासंघ आला आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कबड्डी पदकाचा खेळ झाली. शंकरराव उर्फ बुवा साळवी यांच्यासारख्या संघटकांनी आयुष्य या कामाला दिले नसते तर हे घडले नसते. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो तो म्हणूनच. तेव्हा प्रश्न कारभारी असावेत की नसावेत हा नाही. निर्णय घेताना त्यांच्या डोळ्यांसमोर कोण उभा असतो, हा प्रश्न आहे.

नियमांपासूनच सुरुवात करू, कारण लोक पहिली तक्रार त्यांचीच करतात. आज चढाई तीस सेकंदांत संपवावी लागते. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण घ्यायचाच, नाहीतर चढाईपटू बाद. समोर तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना त्यांनी पकड साधली तर त्यांना एक जादा गुण मिळतो. जुने जाणकार म्हणतात की यामुळे दमाचा खेळ घड्याळाचा झाला. त्यात तथ्य आहे. पण या नियमांनी प्रेक्षकाचे नुकसान झाले असे मला वाटत नाही. उलट फायदाच झाला. पूर्वी आघाडी मिळवलेला संघ शेवटची दहा मिनिटे मध्यरेषेच्या जवळपास रेंगाळून, निदान रेषेला पाय लावून परत येत काढू शकायचा. तिसऱ्या चढाईच्या नियमाने ती पळवाट बंद केली. तीनच गडी उरलेला संघ पूर्वी लोण चढण्याची वाट पाहत बसायचा. आता त्याला सामना फिरवण्याची संधी असते, आणि गर्दीला शेवटपर्यंत थांबण्याचे कारण असते. हे नियम टीव्हीसाठी केले गेले हे खरे, पण ते बांधीवरही तितकेच चालतात. त्यांना खर्च नाही, यंत्र लागत नाही, शिट्टी आणि घड्याळ पुरते. म्हणूनच गावच्या स्पर्धांनी तिसरी चढाई कुणी सक्ती न करता उचलली. जो निर्णय मातीवरच्या प्रेक्षकाला आपलासा वाटतो तो रुजतो, याचा हा पुरावा आहे, आणि पुढचे निर्णय तोलताना तो लक्षात ठेवायला हवा.

मॅटची गोष्ट वेगळी आहे. मातीवर अनवाणी खेळणारा आणि मॅटवर बूट घालून खेळणारा हे दोघे एकच खेळ खेळत असले तरी त्यांचे शरीर वेगळ्या गोष्टी शिकते. मातीत पाय किंचित सरकतो, म्हणून चढाईपटू वळताना वजन मागे ठेवतो आणि बचावपटू अंगावर झेप घेऊन खाली पाडण्यावर भर देतो. मॅटवर बुटाचा तळवा घट्ट धरतो, त्यामुळे झटक्यात दिशा बदलता येते, घोट्याची पकड अचूक वेळेवर घ्यावी लागते, आणि एक क्षण उशीर झाला तर चढाईपटू निसटतो. मातीवर वाढलेला मुलगा मॅटवर पहिल्यांदा उतरला की त्याची ताकद कमी पडत नाही, त्याची वेळ चुकते. ही वेळ सरावानेच येते. सरावाला मॅट लागते, मॅटला छप्पर असलेली सपाट जागा लागते, आणि एका मैदानाच्या मॅटला काही लाख रुपये लागतात. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. एवढी पक्की, कोरडी, झाकलेली जागा गडचिरोलीच्या किती गावांत असेल? तीन चतुर्थांशांहून अधिक भाग जंगलाने व्यापलेला हा जिल्हा आहे. सिरोंचा ते गडचिरोली हे अंतरच दोनशे किलोमीटरच्या आसपास भरते. भामरागड, एटापल्ली, कोरचीच्या मुलांना जिल्ह्याच्या ठिकाणच्या संकुलात सरावाला जा असे सांगणे म्हणजे सराव करू नका असेच सांगणे आहे.

यावर उत्तर तयार असते की मॅट सुरक्षित आहे, मातीत गुडघे सोलतात, आणि आशियाई स्पर्धा मॅटवर होतात तर आपण मातीला चिकटून कसे चालेल. सुरक्षिततेचा मुद्दा मला मान्य आहे, आंतरराष्ट्रीय गरजेचाही. आक्षेप मॅट आणण्याला नाही. वरच्या पायरीचा पृष्ठभाग बदलला आणि खालच्या पायऱ्या तशाच सोडल्या, याला आहे. कारण पृष्ठभागाबरोबर गणतीही बदलली. महाराष्ट्रात खेळाडूंना शासकीय नोकऱ्यांत ५ टक्के समांतर आरक्षण आहे, आणि ते मान्यताप्राप्त संघटनांच्या, ठरलेल्या स्तरावरच्या स्पर्धांतल्या कामगिरीवर मिळते. ही अट योग्यच आहे. नाहीतर प्रमाणपत्रांचा बाजार भरेल. पण परिणाम असा की डिसेंबरात चाळीस संघांना लोळवणारा आरमोरीकडचा चढाईपटू कुठल्याच कागदावर दिसत नाही. त्याला पाहणाऱ्या गर्दीला त्याची किंमत ठाऊक असते, निवड समितीला नसते. पूर्वी गावची मोठी स्पर्धा हीच निवडीची जागा असायची. जाणकार तिथे येऊन बसायचे. आता निवड मॅटवर होते आणि गावची स्पर्धा करमणुकीत जमा होते. प्रेक्षकाच्या दृष्टीने हे साधे नुकसान नाही. तो जे पाहतो आहे त्यातून पुढे काही होणार आहे, ही भावना खेळ पाहण्याच्या आनंदाचा निम्मा भाग असते.

इथे एका निर्णयाचे श्रेय मात्र द्यायला हवे. राष्ट्रीय कबड्डीत विदर्भ हा महाराष्ट्रापासून वेगळा घटक आहे, क्रिकेटसारखाच. मुंबई, ठाणे, पुणे, रायगड, सांगली यांसारख्या कबड्डीच्या बलाढ्य जिल्ह्यांशी झगडून बारा जणांत जागा मिळवणे पूर्व विदर्भाच्या मुलाला जवळजवळ अशक्य होते. वेगळ्या घटकामुळे त्याला राष्ट्रीय स्पर्धेचे दार तरी उघडे राहते. याची किंमतही आहे. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला महाराष्ट्राने सेनादलाला हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तेव्हा राज्यभर जल्लोष झाला. पण चंद्रपूर किंवा गडचिरोलीत नोंदणी असलेला खेळाडू त्या संघात रचनेनेच असू शकत नव्हता. खेलो इंडियासारख्या शासकीय स्पर्धांत पुन्हा महाराष्ट्र एकच. म्हणजे एका हंगामात हा मुलगा विदर्भाचा, दुसऱ्यात महाराष्ट्राचा, आणि लीगमध्ये गेलाच तर जयपूरचा किंवा पाटण्याचा. खेळाडूला हे झेपते. प्रेक्षकाला आपला संघ कोणता हे ठरवायला मात्र जागा उरत नाही. तरीही वेगळा घटक टिकावा असेच मी म्हणेन, कारण जवळची पायरी दूरच्या झेंड्यापेक्षा उपयोगी असते.

आता लीगकडे येऊ. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि पहिल्याच हंगामात ४३.५ कोटी प्रेक्षकांनी ती पाहिल्याचा आकडा जाहीर झाला. त्या वर्षी तिच्यापुढे फक्त आयपीएल होती. पैशाचा बदल तर डोळे दिपवणारा होता. २०१८ च्या लिलावात मोनू गोयतला १ कोटी ५१ लाख रुपये मिळाले, २०२३ मध्ये पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांहून अधिक बोली लागली. ज्या खेळात रेल्वेची किंवा पोलिसातली नोकरी हे सर्वोच्च स्वप्न होते, त्या खेळात हे घडले. याला तुच्छ लेखणारा माणूस खेळाडूंच्या घरची परिस्थिती विसरतो. झाडीपट्टीतल्या पोरांनी चढाईला जाताना मांडीवर थाप मारण्याची लकब टीव्हीवरून उचलली, डुबकी शिकली, धावत येऊन पाय मारण्याचे तंत्र शिकले. लीगने कबड्डीला प्रतिष्ठा दिली, यात शंका नाही.

पण लीग प्रत्यक्ष कुठे खेळली गेली ते पाहा. २०१७ च्या पाचव्या हंगामात बंगळुरू बुल्सचे घरचे सामने नागपूरच्या मानकापूर क्रीडा संकुलात झाले, कारण बंगळुरूचे मैदान उपलब्ध नव्हते. गडचिरोलीहून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, चंद्रपूरहून दीडशेच्या. लीग या भागाच्या इतक्या जवळ आली ती एकदाच, आणि तीही दुसऱ्या शहराच्या गैरसोयीमुळे. विदर्भाच्या प्रेक्षकाला प्रत्यक्ष मैदानात बसून वरच्या दर्जाची कबड्डी पाहायला मिळाली, पण ‘घरचा’ संघ म्हणून त्याने ज्याला ओरडून पाठिंबा द्यायचा तो बंगळुरूचा होता. पुढे महासाथीमुळे आठवा हंगाम बंगळुरूतच बंद दाराआड झाला. ते समजण्यासारखे होते. दहाव्या हंगामात लीग बारा शहरांत फिरली, आणि ते पाऊल योग्य होते. मग अकराव्यात तीनच शहरे राहिली: हैदराबाद, नोएडा, पुणे. २०२५ च्या बाराव्या हंगामासाठी विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली ही चार शहरे ठरली. महाराष्ट्राचे दोन संघ लीगमध्ये असून राज्यात एकही सामना झाला नाही. त्याच हंगामात पुणेरी पलटण अंतिम फेरीपर्यंत पोहोचली आणि दिल्लीत दबंग दिल्लीकडून हरली. पलटणच्या चाहत्याने अख्खा हंगाम आपला संघ पडद्यावरच पाहिला.

असे का होते हे समजून घेणे कठीण नाही. बारा संघ, पंच, कॅमेरे, मॅट आणि दिवे घेऊन बारा शहरे फिरणे महाग पडते, आणि लीगचे मुख्य उत्पन्न तिकिटांतून येत नाही, प्रक्षेपण आणि प्रायोजकांतून येते. हिशेब असा मांडला की मैदानात बसलेला माणूस ही खर्चाची बाब होते आणि पडद्यासमोरचा माणूस ही उत्पन्नाची. हंगामाचे महिनेही याच हिशेबाने हलतात. सुरुवातीची वर्षे लीग बहुधा पावसाळ्यात असायची. त्या काळात पूर्व विदर्भात रोवणी चालू असते, गावात स्पर्धा नसतात, आणि रात्री टीव्हीपुढे बसलेला माणूस हिवाळ्यातल्या आपल्या स्पर्धेची तयारीच करत असतो. त्यानंतर काही हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर किंवा डिसेंबर ते मार्च असे आले. ते थेट धानकापणीनंतरच्या गावस्पर्धांच्या आणि नाटकांच्या रात्रींवर पडले. वडशाच्या नाटक कंपन्यांचा आणि कबड्डी मंडळांचा हंगाम कधी असतो हा प्रश्न ते वेळापत्रक आखणाऱ्या कुणाच्याही समोर आला नसेल. २०२५ मध्ये लीग ऑगस्ट ते ऑक्टोबर झाली, हे या भागासाठी बरे झाले, पण तेही ठरवून झालेले नाही.

हाच पेच दुसऱ्या एका झटापटीच्या खेळाने आपल्या आधी अनुभवला आहे. रग्बी लीग हा खेळ १८९५ मध्ये इंग्लंडच्या हडर्सफील्डमध्ये जन्मला. उत्तरेकडच्या खाणी-गिरण्यांतले कामगार शनिवारी खेळायला गेले की त्यांची मजुरी बुडायची. ती भरून देऊ द्या अशी तिथल्या क्लबांची मागणी होती आणि रग्बीच्या कारभाऱ्यांनी ती नाकारली, म्हणून ते क्लब वेगळे झाले. बल्लारपूर, घुग्घुस, माजरीच्या कोळसा खाणींच्या प्रदेशातल्या वाचकाला हा इतिहास परका वाटू नये. शंभर वर्षांनी, १९९६ मध्ये, टीव्हीच्या ८ कोटी ७० लाख पौंडांच्या कराराबरोबर हिवाळ्यातला तो खेळ उन्हाळ्यात नेला गेला. त्या वेळी शेजारशेजारच्या गावांचे जुने क्लब एकत्र करून नवे संघ बनवण्याची योजना पुढे आली होती. चाहते रस्त्यावर उतरले आणि ती मागे घ्यावी लागली. ऑस्ट्रेलियात १९९९ च्या हंगामानंतर साउथ सिडनी या जुन्या क्लबला लीगमधून वगळले गेले. नोव्हेंबर २००० मध्ये सुमारे ८० हजार लोकांनी सिडनीत मोर्चा काढला, क्लब न्यायालयात गेला, २००२ मध्ये परत आला आणि २०१४ मध्ये विजेता ठरला. अलीकडे इंग्लंडमध्ये क्लबची श्रेणी गुणतक्त्याबरोबर पैसा, मैदान आणि प्रेक्षकसंख्या यांवर ठरवून, कोण वरच्या गटात खेळेल हे त्यावर सोपवले गेले आहे, आणि त्यावरही मोठा वाद आहे. या घटनांतून मला एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. तिथला चाहता भांडू शकला, कारण त्याच्याकडे क्लब नावाची संस्था होती, तिचे सभासदत्व होते, तिच्या नावावर न्यायालयात जाता येत होते. झाडीपट्टीचा प्रेक्षक वर्गणी देतो, मैदान आखतो, पाहुण्यांना जेवू घालतो, पण महासंघाच्या किंवा लीगच्या लेखी तो कशाचाच सभासद नाही.

महासंघाचा कारभार तर अनेक वर्षे न्यायालयातच चालला. जनार्दनसिंह गेहलोत १९८४ पासून जवळजवळ तीन दशके अध्यक्ष होते आणि त्यांच्यानंतर त्यांच्या पत्नी त्या पदावर आल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही व्यवस्था रद्द करून प्रशासक नेमला. त्याच महिन्यात जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताचा पुरुष संघ उपांत्य फेरीत आणि महिला संघ अंतिम फेरीत इराणकडून हरला. इराणच्या त्या विजेत्या महिला संघाच्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन होत्या. पराभवाचे सगळे खापर कारभारावर फोडता येणार नाही. इराण खरोखर चांगला खेळला. पण मराठी प्रशिक्षकाचे कसब परदेशी संघाच्या गळ्यात सुवर्णपदक घालते, हे पाहताना इथल्या निवडीच्या पद्धतीबद्दल प्रश्न पडतोच. पुढे निवडून आलेल्या मंडळाकडे कारभार नाही म्हणून आंतरराष्ट्रीय महासंघाने भारताला निलंबित केले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सूत्रे निवडून आलेल्या मंडळाकडे द्यायला सांगितले तेव्हा कुठे भारतीय महिलांचा आशियाई अजिंक्यपद स्पर्धेचा मार्ग मोकळा झाला. त्या मार्चमध्ये तेहरानला त्या जिंकल्या.

या गोंधळाचे प्रेक्षकापर्यंत पोहोचलेले सर्वांत बोलके रूप म्हणजे हांगझोच्या आशियाई क्रीडा स्पर्धेतली ७ ऑक्टोबर २०२३ ची पुरुषांची अंतिम लढत. भारत आणि इराण २८-२८ असे बरोबरीत, मिनिटभराचा खेळ बाकी, पवन सेहरावतची चढाई. तो कुणालाही स्पर्श न करता लॉबीत, म्हणजे स्पर्श झाल्यावरच खुल्या होणाऱ्या बाजूच्या पट्टीत, गेला आणि त्याच्यामागे इराणचे बचावपटूही गेले. लीगमध्ये चालणाऱ्या नियमाने एक निकाल निघत होता, आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकाने दुसरा. पंचांनी निर्णय दिला, बदलला, पुन्हा बदलला. खेळाडू मैदानात बसून राहिले. सुमारे तासभर सामना थांबला. शेवटी भारताला चार आणि इराणला एक गुण देण्यात आला आणि उरलेल्या खेळानंतर भारत ३३-२९ असा जिंकला. सुवर्णपदक मिळाले, पण नऊ वर्षे लीग पाहून नियम शिकलेल्या कोट्यवधी लोकांना त्या तासात कळले की आपण शिकलो तो नियम सगळीकडचा नाही. गावच्या स्पर्धेत पहिल्या सामन्याआधी पंच ध्वनिक्षेपकावरून सांगतो की बोनस कसा धरला जाईल, लॉबी कधी खुली होईल, वाद झाला तर कुणाचे ऐकायचे. सगळ्या गर्दीसमोर सांगितले जाते, म्हणून नंतर कुणाला बदलता येत नाही. आशियाच्या अंतिम सामन्यापेक्षा एवढ्या एका बाबतीत बांधीवरचा सामना अधिक नीट चालतो.

त्याच दिवशी महिलांनी चिनी तैपेईला २६-२५ असे हरवून भारताला त्या स्पर्धेतले शंभरावे पदक मिळवून दिले. महिलांच्या बाबतीत कारभाऱ्यांचा दोष सर्वांत मोठा आहे असे माझे मत आहे. २०१६ मध्ये लीगने तीन संघांची महिला स्पर्धा घेतली आणि ती तिथेच थांबवली. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांत मुली दरवर्षी प्रकल्पस्तरीय आणि विभागस्तरीय क्रीडा स्पर्धांत कबड्डी खेळतात. अहेरी, भामरागड, चिमूरच्या प्रकल्पांतून त्या येतात. दहावी-बारावी संपली की त्यांचा खेळ थांबतो. गोंडवाना विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा ही त्यांची पुढची एकमेव ठळक पायरी, आणि तिथपर्यंत थोड्याच जणी पोहोचतात. इथे गावालाही जबाबदारी टाळता येणार नाही. महिला गटाची स्पर्धा भरवणारी मंडळे कमी आहेत, आणि भरवलीच तर बक्षीस पुरुषांच्या तुलनेत लहान असते. त्याला दिल्ली जबाबदार नाही.

मातीवरच्या स्पर्धेचे गोडवे गाताना तिचे दोष झाकू नयेत हा आक्षेप रास्त आहे. तंटे होतात, गावचा पंच गावाकडे झुकतो, वजनगटात चोरी होते, दुखापत झाली तर डॉक्टर जवळ नसतो. व्यावसायिक शिस्तीने यातले पुष्कळ सुधारले. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: या जिल्ह्यांत प्रशासनाने पुढाकार घेतला नसता तर दुर्गम भागात स्पर्धा झाल्याच नसत्या. गडचिरोली पोलीस दलाने वीर बाबुराव शेडमाके यांच्या नावाने कबड्डी स्पर्धा घेतल्या. १८५८ मध्ये चंद्रपुरात फाशी गेलेल्या गोंड वीराचे नाव त्या स्पर्धेला द्यावे हे सुचणे मोलाचे आहे, आणि नक्षलवादाच्या छायेत वाढलेल्या मुलांना खेळायला बोलावणे त्याहून मोलाचे. मी या स्पर्धांच्या बाजूने आहे. पण पोलीस ठाण्याने किंवा विभागाने भरवलेली स्पर्धा ही निधी, अधिकारी आणि धोरण असेपर्यंत चालते. अधिकाऱ्याची बदली झाली की ती टिकेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. वर्गणीतून उभी राहिलेली स्पर्धा दुष्काळात लहान होते, पण बंद पडत नाही. म्हणून शासनाने यजमानपद स्वतःकडे घेण्यापेक्षा गावच्या यजमानाला बळ द्यावे.

हे करणे अवघड नाही आणि फार खर्चाचेही नाही. प्रत्येक तालुक्याला एक घडीची मॅट द्यावी, ती संकुलात गुंडाळून न ठेवता हिवाळाभर स्पर्धांमागे फिरवावी, आणि ज्या स्पर्धेत संघटनेचा नोंदणीकृत पंच आणि वजनाची तपासणी असेल तिचा निकाल जिल्हा निवडीसाठी धरावा. नियम बदलले की हंगामाआधी ते मराठीत छापून मंडळांना पाठवावेत. लीगने दर हंगामात एक टप्पा अशा शहरात घ्यावा ज्याचा स्वतःचा संघ नाही. नागपूरने २०१७ मध्ये ते करून दाखवले आहे, आणि विसापूरच्या बल्लारपूर तालुका क्रीडा संकुलात डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यालाही मोठ्या स्पर्धेचे यजमानपद नवे नाही. आणि झाडीपट्टीतल्या क्रीडा मंडळांनी आपल्या प्रत्येक स्पर्धेची वही ठेवावी: तारीख, संघ, गुण, पंच, खेळाडूंची नावे आणि वजने, महिला गटासह. विदर्भाच्या संघटनेपुढे आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यापुढे मागणी घेऊन जाताना दाखवायला दुसरे काही नसते. येत्या हिवाळ्यातल्या पहिल्या सामन्यापासून ती वही सुरू करा.